परदेशातील भौगोलिक क्षेत्रकार्यासाठी अनुदान : अंदाजपत्रकातून काय वगळावे?

अक्षांश (धागाकर्ता)

नमस्कार. पीएच.डी. पूर्ण होऊन मला दोन वर्षे झाली. नदीवर धरण झाल्यावर तिच्या त्रिभुज प्रदेशाला मिळणारा गाळ कसा बदलतो आणि तिथले शेतकरी व मच्छीमार त्या बदलाशी कसे जुळवून घेतात, हा माझा विषय आहे. टांझानियातील रुफिजी, केनियातील ताना आणि मोझांबिकमधील झांबेझी या तीन त्रिभुज प्रदेशांची तुलना करण्याचा प्रस्ताव मी तयार केला होता. झांबेझीवरचे करिबा धरण १९५९ साली आणि काहोरा बासा १९७४ साली पूर्ण झाले, तानावर मासिंगा धरण १९८१ साली आले, तर रुफिजीवरच्या ज्युलियस न्येरेरे धरणात पाणी साठवायला डिसेंबर २०२२ मध्ये सुरुवात झाली. एकाच प्रक्रियेचे जुने, मधले आणि अगदी ताजे असे तीन टप्पे एका अभ्यासात आणावेत, असा माझा विचार होता.

हा प्रस्ताव दोन संस्थांकडे पाठवला आणि दोन्हीकडून नकार आला. एका परीक्षकाने लिहिले, की विषय महत्त्वाचा आहे, परंतु मागितलेल्या रकमेत हे काम होईल असे वाटत नाही. दुसऱ्याने वेळापत्रक फार आशावादी असल्याचे म्हटले. अनुदानाच्या मर्यादेत बसण्यासाठी मी दुभाष्याचा खर्च, स्थानिक सहकाऱ्याचे मानधन आणि निष्कर्ष सांगण्यासाठीची दुसरी भेट, या तीन बाबी काढून टाकल्या होत्या. लहान रकमेच्या अनुदानात आणखी काय कमी करता येते, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे, ही विनंती.

गाळाचा थर

अक्षांश, आपण पैशांचा हिशेब मांडला आहे, परंतु दिवसांचा मांडलेला दिसत नाही. क्षेत्रकार्याचे अंदाजपत्रक दिवसांपासून सुरू करावे असे माझे ठाम मत आहे, कारण निवास, वाहन, होडी, सहकाऱ्यांचे मानधन आणि विमा हे सगळे खर्च दिवसांवर ठरतात.

एकट्या रुफिजीचे उदाहरण घ्या. टांझानियात परदेशी संशोधकाला विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचा, म्हणजे कॉस्टेकचा, संशोधन परवाना लागतो आणि त्यासाठी स्थानिक सहसंशोधक दाखवावा लागतो. परवाना आला की इमिग्रेशन खात्याकडून निवास परवाना घ्यायचा, मग प्रांत आणि जिल्हा कार्यालयांतून ओळखपत्रे मिळवायची आणि शेवटी गावात जाऊन गावच्या कार्यालयात हजेरी द्यायची. खारफुटी राखीव वनात मोडते, त्यामुळे तिथे गाभानमुना, म्हणजे चिखलात नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा नमुना, काढायचा असेल तर वनखात्याची संमती वेगळी घ्यावी लागते. प्रत्येक टप्प्याला शुल्क आहे आणि त्याहून अधिक म्हणजे प्रतीक्षा आहे. केनियात हीच प्रक्रिया नाकोस्टी या आयोगाकडे पुन्हा पहिल्यापासून करायची आणि मोझांबिकमध्ये ती पोर्तुगीज भाषेत करायची.

त्यानंतर समुद्राचे वेळापत्रक येते. रुफिजीच्या मुखाशी उधाणाच्या वेळी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती-ओहोटीतला फरक तीन मीटरहून अधिक असतो. उधाणाच्या ओहोटीला चिखलाचे सपाट पट्टे उघडे पडतात, तेव्हा गाभानमुने काढता येतात, मात्र आतल्या अरुंद खाड्यांत होडी अडकते. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या, दिवसांत होडी जाते, पण पट्टे पाण्याखाली असतात. उधाण साधारण पंधरा दिवसांनी पुन्हा येते. म्हणजे एक उधाण हुकले की पुढच्या उधाणापर्यंत थांबण्याचा खर्च अंगावर पडतो. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असल्याने तेव्हा रस्ते भरवशाचे नसतात.

मी एका डेल्टात बेचाळीस दिवस होतो. त्यांपैकी प्रत्यक्ष नमुने घेण्याचे दिवस एकोणीस भरले. पुढच्या प्रस्तावात मी हे प्रमाण उघडपणे लिहिले आणि तो प्रस्ताव मंजूर झाला. आपण तीन देशांसाठी किती दिवस धरले होते?

अक्षांश

तीन देश मिळून पन्नास दिवस. आता ती संख्या लिहितानाच तिच्यातली अडचण दिसते आहे.

समोच्चरेषा

काही वर्षे एका अनुदानाच्या छाननी समितीत काम केल्यामुळे परीक्षक प्रस्ताव कसा वाचतात याबद्दल लिहितो. आपल्याला आलेले दोन्ही अभिप्राय एकच गोष्ट सांगत आहेत. समितीसमोर चाळीस-पन्नास प्रस्ताव असतात आणि जवळजवळ सगळ्यांचे विषय चांगले असतात. अशा वेळी कोणता अर्जदार त्या जागी खरोखर उभा राहून काम करील, याचा अंदाज आम्ही अंदाजपत्रकावरून बांधत असू. ज्या प्रस्तावात मुलाखती स्वाहिली आणि पोर्तुगीज या दोन भाषांत घ्यायच्या आहेत, परंतु दुभाष्याचा खर्च शून्य आहे, तो प्रस्ताव वाचताना कार्यपद्धतीच्या प्रकरणावरचाही विश्वास उडतो. आपण पैसे वाचवण्यासाठी काढलेल्या तीन बाबी परीक्षकाच्या नजरेत विज्ञानाचाच भाग होत्या.

दुसरा मुद्दा अनुदान देणाऱ्या संस्थेच्या स्वभावाचा. प्रत्येक निधीला त्याचा इतिहास असतो आणि त्याच्या अटी त्या इतिहासातून आलेल्या असतात. लंडनची रॉयल जिओग्राफिकल सोसायटी १८३० साली स्थापन झाली आणि १९९५ साली ब्रिटिश भूगोलतज्ज्ञांची संस्था तिच्यात विलीन झाली. तिची बरीच अनुदाने व्यक्तींच्या नावाने ठेवलेल्या निधींतून आली आहेत, म्हणून ती अगदी नेमक्या विषयांना बांधलेली असतात. राल्फ ब्राउन पुरस्कार नद्या, पाणथळ जागा आणि उथळ सागरी परिसर यांच्या अभ्यासासाठी आहे, थेसिजर-ओमान अधिछात्रवृत्ती रखरखीत व अर्धशुष्क प्रदेशांसाठी, तर मोनिका कोल अनुदान परदेशात क्षेत्रकार्य करणाऱ्या स्त्री प्राकृतिक भूगोलतज्ज्ञांसाठी. अशा ठिकाणी 'जागतिक बदल' वगैरे व्यापक भाषा वापरण्यापेक्षा आपले काम निधीच्या हेतूत कसे बसते हे पहिल्याच परिच्छेदात सांगावे. वेनर-ग्रेन फाउंडेशन १९४१ पासून मानवशास्त्राला मदत करते. राष्ट्रीयत्वाची अट न घालता ते पीएच.डी.च्या क्षेत्रकार्याला पैसे देते, मात्र विद्यापीठाचा ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा प्रशासकीय खर्च, देत नाही. आपल्या विभागाला हा ओव्हरहेड हवा असेल, तर अर्जावर सही घेण्याच्या वेळी अडचण येते, म्हणून हे आधी विचारून घ्यावे. अर्थात, भूगोलाच्या प्रस्तावाला नुसता मानवशास्त्राचा मुलामा देऊन तिथे पाठवू नये. तो लगेच ओळखू येतो.

अनुदानाच्या नियमांत काय मिळणार नाही याची यादी असते, ती आधी वाचावी. अर्जदाराचे वेतन, कायमस्वरूपी उपकरणे, परिषदेचा प्रवास आणि कित्येकदा प्रयोगशाळेतील विश्लेषण या बाबी लहान अनुदानांत बसत नाहीत. शिसे-२१० या समस्थानिकाने गाळाचे वय काढायचे असेल, तर एकेक नमुना मोजणीयंत्रावर दिवस-दिवस ठेवावा लागतो आणि त्याचे शुल्क निघते. ते कोण भरणार, हे प्रस्तावात आले पाहिजे.

गाळाचा थर

समोच्चरेषा यांनी शिसे-२१० चा उल्लेख केला म्हणून एक वैज्ञानिक शंका मांडतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे असल्याने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा गाळ त्यावरून वाचता येतो. झांबेझीत करिबापूर्व आणि करिबोत्तर थर वेगळे काढता येतील. रुफिजीत मात्र धरणानंतरचा काळ इतका थोडा आहे, की गाभानमुन्याच्या वरच्या काही मिलिमीटरांत त्याची खूण मिळाली तरी ती भरतीच्या पाण्याने आणि खेकड्यांच्या बिळांनी ढवळलेली असेल. मग तीन जागांची ही तुलना नेमकी कशाची होणार?

प्रवासी रेषा

वरच्या सल्ल्यांतून निघणाऱ्या एका अर्थाशी मी सहमत नाही. 'जागा कमी करा, दिवस वाढवा' हे प्रत्येक तरुण संशोधकाला सांगितले जाते आणि त्यामुळे तुलनात्मक भूगोल केवळ मोठी अनुदाने मिळवू शकणाऱ्या ज्येष्ठांच्या हाती राहतो. लहान अनुदानांची मर्यादा ही मुळात पैशांची मर्यादा आहे. ती संशोधकाच्या आकलनाची मर्यादा असल्यासारखे आपण बोलू नये.

परदेशी क्षेत्रकार्य कोणाला परवडते, हा प्रश्न या विषयाच्या जन्मापासून आहे. भूगोलतज्ज्ञ आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १७९९ ते १८०४ या काळात अमेरिका खंडात फिरले, ते १७९६ साली आई वारल्यानंतर हाती आलेल्या वारशावर. बीगल जहाजावरच्या डार्विनचा खर्च त्याच्या वडिलांनी उचलला. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसकडे असे काही नव्हते. १८५४ साली सिंगापूरपर्यंतचा प्रवास त्याला रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या मध्यस्थीने फुकट मिळाला आणि पुढची आठ वर्षे त्याने पक्ष्यांचे व कीटकांचे नमुने लंडनमधील दलालामार्फत विकून काढली. त्याच सोसायटीने १८९२-९३ मध्ये बावीस स्त्रियांना सदस्यत्व दिले आणि लगेच दार लावून घेतले. ते पुन्हा १९१३ साली उघडले. मोनिका कोल अनुदानाकडे मी या पार्श्वभूमीवर पाहते.

आजचे दार वेगळ्या ठिकाणी आहे. कित्येक विद्यापीठे मंजूर अनुदानातूनही उचल देत नाहीत. संशोधकाने आधी स्वतःच्या खिशातून खर्च करावा, पावत्या जोडाव्यात आणि दोन-तीन महिन्यांनी परतफेड घ्यावी, अशी रीत असते. माझ्या पहिल्या क्षेत्रकार्याची परतफेड मिळायला पाच महिने लागले आणि त्या काळात मी घरभाड्यासाठी उसने पैसे घेतले. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याला अनुदान मिळूनही जाता येत नाही, हे मला आजही अन्यायाचे वाटते. म्हणून अक्षांश यांना माझा सल्ला असा, की अर्ज भरण्यापूर्वी आपल्या लेखाविभागाला उचल किती टक्के मिळते हे लेखी विचारावे आणि उत्तर समाधानकारक नसेल तर पैसे थेट अर्जदाराच्या खात्यात देणाऱ्या संस्थांना प्राधान्य द्यावे.

मंजूर झालेले पैसेही राहतीलच असे नाही. मार्च २०२१ मध्ये ब्रिटनने परदेशी विकास मदतीचा निधी घटवला, तेव्हा यूके रिसर्च अँड इनोव्हेशन या संस्थेने आधीच दिलेल्या वचनांत आणि हाती आलेल्या रकमेत १२ कोटी पौंडांची तूट असल्याचे जाहीर केले आणि चालू प्रकल्पांची अंदाजपत्रके मध्येच कापली गेली. अशा वेळी सर्वांत आधी हात रिकामे होतात ते दुसऱ्या देशातल्या सहकाऱ्यांचे, कारण त्यांचा करार सर्वांत कच्चा असतो.

दुभाष्या

प्रवासी रेषा यांच्या शेवटच्या वाक्याला मी माझा अनुभव जोडतो. मी स्वतः अनेक वर्षे परदेशी संशोधकांसाठी दुभाष्या व क्षेत्र-सहायक म्हणून काम केले आणि नंतर संशोधनाकडे वळलो. त्यामुळे अंदाजपत्रकातील 'स्थानिक सहायक' ही ओळ मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे.

ही ओळ किती जुनी आहे ते पाहा. १८५७ साली बर्टन आणि स्पीक हे ब्रिटिश शोधक पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागात निघाले, तेव्हा ब्रिटिश परराष्ट्र खात्याने १००० पौंड दिले होते. ते पैसे पुरले नाहीत. परतल्यावर हमाल व वाटाड्यांची ठरलेली मजुरी दिली गेली नाही, अशी तक्रार झांझिबारमधील ब्रिटिश वाणिज्यदूत रिग्बी यांनी मुंबई सरकारकडे केली आणि त्यावरून मोठा वाद झाला. त्याच मोहिमेत असलेला वाटाड्या सिदी मुबारक बॉम्बे पुढे स्पीक, स्टॅनली आणि कॅमेरन या शोधकांबरोबरही चालला. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला १८७६ साली रौप्यपदक दिले. पण पूर्व आफ्रिकेतील मोठ्या सरोवरांच्या शोधाची कथा सांगताना त्याचे नाव क्वचितच निघते. अपुऱ्या अंदाजपत्रकाचा भार कोणावर पडतो, हे त्या मोहिमेत जितके स्पष्ट दिसते तितकेच ते आजही दिसते.

माझ्याबाबतीत असे घडले आहे, की मुलाखतींचा आराखडा मी दुरुस्त केला, कोणत्या घरी केव्हा जावे हे मी ठरवले, उत्तरांतले टाळलेले शब्द मी ओळखले, आणि प्रकाशित लेखात माझा उल्लेख आभाराच्या एका ओळीत आला, तोही चुकीच्या आडनावाने. मला दिवसाचे मानधन मिळत असे, मात्र ध्वनिमुद्रणे उतरवून काढण्याच्या रात्रींचे काही मिळत नसे. एका तासाच्या मुलाखतीचे शब्दांकन आणि भाषांतर करायला आठ-दहा तास लागतात. अंदाजपत्रकात ते कोठेच नव्हते, म्हणजे ते काम फुकट करून घेतले गेले.

दक्षिण आफ्रिकेतील सान समाजाने २०१७ साली स्वतःची संशोधन-आचारसंहिता प्रसिद्ध केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी ही तिची मूल्ये आहेत. आणि संशोधनाचे निष्कर्ष समाजाकडे परत यावेत, ही तिच्यातली अपेक्षा आहे. आपण काढून टाकलेली दुसरी भेट म्हणजे हीच अपेक्षा होय. मी ज्या गावांत काम केले तिथे लोक मला अजून विचारतात, की तुमच्याबरोबर आलेल्या त्या संशोधक बाईंनी आमच्याबद्दल शेवटी काय लिहिले. माझ्याकडे उत्तर नसते.

समोच्चरेषा

दुभाष्या, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. छाननीच्या टेबलावर 'स्थानिक सहायक, वीस दिवस' एवढेच लिहिलेले मी शेकडो वेळा वाचले आणि त्यावर कधी प्रश्न विचारला नाही, याची मला खंत वाटते.

प्रवासी रेषा यांच्या आक्षेपाचे उत्तर मात्र दिले पाहिजे. तुलनेला माझा विरोध नाही, तीन अर्धवट क्षेत्रकार्यांना आहे. गाळाचा थर यांनी काढलेली शंका मला या प्रस्तावाची किल्ली वाटते. रुफिजीत बदलाची खूण अजून थरांत उतरलेली नाही, म्हणजेच धरणाचा परिणाम पूर्ण दिसण्याआधीची स्थिती नोंदवून ठेवण्याची संधी आत्ता आहे आणि ती दहा वर्षांनी कोणत्याही रकमेला मिळणार नाही. झांबेझीवर आणि तानावर बरेच काम प्रसिद्ध झालेले आहे. त्याचा आधार घेऊन तुलना करता येते. 'हे काम आत्ताच का' या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर फार थोड्या अर्जदारांकडे असते.

प्रवासी रेषा

हे मान्य आहे. प्रकाशित माहितीवर तुलना टिकत असेल, तर माझा आक्षेप या प्रस्तावापुरता मागे घेते. परतफेडीचा मुद्दा कायम आहे.

गाळाचा थर

विमा आणि सुरक्षिततेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. विद्यापीठाचा प्रवासविमा बहुधा फक्त कर्मचाऱ्यांना लागू असतो. होडीवाला आणि स्थानिक सहकारी त्यात नसतात. त्यांच्यासाठी त्याच देशात अपघात विमा घ्यावा आणि त्याची वेगळी ओळ दाखवावी. जीवरक्षक जाकिटे होडीतल्या प्रत्येकासाठी न्यावीत, केवळ स्वतःसाठी नव्हे. उपकरणे तात्पुरती नेताना एटीए कार्नेट (सीमाशुल्क न भरता वस्तू तात्पुरत्या नेण्याचा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज) चालते का हे त्या देशापुरते तपासावे, नाहीतर सीमाशुल्काची अनामत भरावी लागते. ड्रोनच्या १०० वॅट-तासांहून मोठ्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते आणि १६० च्या वरची प्रवासी विमानात नेताच येत नाही. गाळाचे नमुने बाहेर नेण्याचा आणि आपल्या देशात आणण्याचा असे दोन परवाने लागतात. माती रोगजंतू घेऊन येते, म्हणून हा नियम कडक असतो. शक्य असेल तर नमुन्यांचा अर्धा भाग तिथल्या विद्यापीठात ठेवावा.

राजकीयदृष्ट्या संवेदनशील विषय असेल तर जोखीम मूल्यांकन नुसते अर्ज भरण्यापुरते करू नये. २०१६ साली कैरोत केंब्रिज विद्यापीठाच्या एका पीएच.डी. संशोधकाची हत्या झाली, तो कामगार संघटनांचा अभ्यास करत होता. धरण हाही राष्ट्रीय प्रतिष्ठेचा विषय असतो. प्रश्नावलीतले शब्द कसे निवडावेत हे तिथल्या सहसंशोधकालाच नीट कळते, आणि आपल्याशी बोलणारे लोक आपण परतल्यावरही तिथेच राहणार असतात.

अक्षांश

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले आणि प्रस्ताव नव्याने मांडला. आता जागा एकच, रुफिजी. ताना आणि झांबेझी यांची तुलना प्रकाशित माहितीवर. एकूण अठ्ठेचाळीस दिवस धरले असून त्यांतले बावीस नमुन्यांचे आणि मुलाखतींचे आहेत. उरलेले दिवस परवाने, भरती आणि प्रवास यांचे आहेत, असे कारणासह लिहिले आहे. जून ते ऑगस्टमधली तीन उधाणे तक्त्यात दाखवली आहेत. सहसंशोधकाचे मानधन, दुभाष्याचे क्षेत्रातले दिवस, शब्दांकनाचे तास आणि दोघांचा अपघात विमा या चार स्वतंत्र ओळी केल्या आहेत. पुढच्या वर्षीची दहा दिवसांची परतभेटही आहे. वगळला तो ड्रोन, आणि त्याऐवजी मोफत मिळणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दहा मीटर विभेदनाच्या प्रतिमा वापरणार आहे. लेखाविभागाने सत्तर टक्के उचल देण्याचे लेखी कळवले आहे.

एक अडचण उरली आहे. अर्जात एकाच अर्जदाराची जागा आहे आणि तो माझ्याच संस्थेचा असावा अशी अट आहे. टांझानियातील सहसंशोधकाचे नाव कोठे द्यावे?

समोच्चरेषा

कार्यपद्धतीच्या पहिल्या परिच्छेदात, कोण कोणते काम करणार हे सांगताना, त्यांचे नाव, संस्था आणि जबाबदारी लिहावी. त्यांचे संमतिपत्र जोडावे आणि लेखात दोघांचे लेखकत्व राहील हे त्यातच नोंदवून घ्यावे. संशोधन परवान्याच्या अर्जावर तेच नाव असावे, म्हणजे दोन्ही कागद जुळतील. शक्य असल्यास मानधनाची रक्कम आपण ठरवू नये. ती त्यांनाच विचारावी आणि त्यांनी सांगितलेला आकडा अंदाजपत्रकात घालावा.

अक्षांश

काल विचारले. त्यांनी सांगितलेली रक्कम मी धरलेल्या रकमेपेक्षा जास्त आहे. ती जशीच्या तशी घातली आणि गाभानमुन्यांची संख्या बारावरून नऊवर आणली. कोणते तीन ठिकाण सोडायचे हेही त्यांनीच सुचवले, कारण त्या खाड्यांत आता होडी जात नाही. संमतिपत्र आले की गुरुवारी प्रस्ताव पाठवतो.